साबणाचं पाणी एकदाच

ता. ३ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही नीट पोचल्याचं पुतणीने कळवलं. बाळ तुम्हाला बघून रडलं नाही हे वाचून बरं वाटलं. मला बघून ते नेहमी रडतं.

इकडे दुकान रोज उघडतो. दादाचं स्टूल होतं तिथेच आहे. शेजारचे शिंपीकाका दुपारी त्यावर बसायला निघाले तेव्हा मी घाईने खुर्ची पुढे केली. ते निमूट खुर्चीत बसले. एरवी त्यांची जीभ कात्रीसारखी चालते, पण दादा गेल्यापासून ते माझ्याशी जपून वागतात आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

काम भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे. ती लिहावी की नाही हे बरेच दिवस घोळवलं. आपल्या दुकानाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. ज्याने जोड आवळला त्याने तो तपासायचा नाही. मी गॅसच्या शेगडीला नळी बसवून नट आवळला की बाजूला व्हायचं. मग दादा ब्रशने जोडावर साबणाचं पाणी फिरवायचा, कुठे बुडबुडा फुगतोय का बघायचा, आणि काही दिसलं नाही की पाना टेबलावर एकदा आपटायचा. तो आवाज झाला की ती शेगडी माझ्या डोक्यातून उतरायची. दादाने दुरुस्त केलेल्या शेगडीला साबण मी लावायचो.

आता आवळणारा मी आणि साबण लावणाराही मीच. दिवसा काही वाटत नाही. रात्री पाठ टेकली की मास्तरीणबाईंच्या शेगडीचा नट डोळ्यांपुढे येतो. साबण लावला होता हे आठवतं. पण बुडबुडा नाही हे मी खरंच पाहिलं, की पाहिलं असं धरून चाललो, ते काही केल्या ठरत नाही. त्या एकट्या राहतात, खिडक्या लावून झोपतात. मग पुढचं सगळं दिसायला लागतं. ते लिहीत नाही. पहाटेपर्यंत हेच दळण. परवा उजाडताच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि शेगडीचा वास घेऊन आलो. काही नव्हतं. त्यांनी चहा दिला. त्या रात्री मास्तरीणबाईंचा विचार आला नाही, खानावळीच्या शेगडीचा आला.

तुम्ही इतकी वर्षं मला काम करताना पाहिलंत. माझ्या हातून कधी जोड सैल राहिला आहे का, तेवढं एकदा लिहा.

निघताना तुम्ही विचारलं होतं म्हणून पुन्हा सांगतो. डॉक्टर तसंच म्हणाले होते. दादा रात्रीच झोपेत गेला. सकाळी तुम्ही चहा ठेवलात तेव्हा तो नव्हताच.

माझ्यावर माया आहेच, ती अशा पत्रांनी कमी होऊ देऊ नये.

आपला,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोन न करता पत्र लिहिलंत हे छान केलंत. फोनवर तुम्ही एकच गोष्ट दहा प्रकारे विचारता आणि माझा कान गरम होतो. पत्रात निदान एकदाच विचारता येते.

तर ऐका. तुमच्या हातून कधीही जोड सैल राहिलेला नाही. उलट तुम्ही इतका घट्ट आवळता की नंतर तो सोडवताना ह्यांच्या तोंडून काय काय निघायचं ते मी इथे लिहू शकत नाही. नट आवळतोय की वैरी, असं विचारायचे. झालं समाधान? आता झोपा.

सोबत एक गोष्ट पाठवते आहे. ह्यांचा पाना मी निघताना पिशवीत घातला होता. तुम्हाला न विचारता नेला याबद्दल रागावू नका, मला त्यांच्या हातातलं काहीतरी हवं होतं. पण इथे तो कपाटात नुसता पडून आहे आणि तिथे तुमचं त्याच्यावाचून अडलं आहे. साबण लावा, बघा, आणि ह्यांच्यासारखा पाना आपटा. तुम्ही आपटलात काय आणि त्यांनी काय, आवाज तोच.

लेक बरी आहे, दमलेली आहे. जावईबापू घोरतात. भिंत मध्ये असूनही मला सगळं ऐकू येतं. बाळ झोपेत इतकं शांत असतं की मला उठून बघावं लागतं. लेक म्हणते आई, तू पाळण्याशी उभी राहून त्याची झोप मोडतेस. आजकालच्या मुलींना काही बोलायची सोय नाही.

जेवण वेळेवर करत जा. आणि हो, डॉक्टर रात्रीच म्हणाले होते ना, पहाटे नव्हे? मला मध्येच घोटाळा होतो. तेवढं कळवा.

आशीर्वाद आहेतच. ते घ्यायला माणूस झोपलेला असावा एवढीच इच्छा.

तुमची,
वहिनी


ता. २२ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

पाना पोचला. कापडातून सोडवला तेव्हा हातात धरून बराच वेळ बसलो. मुठीपाशी दादाने गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच आहे.

पहिले काही दिवस तुमची युक्ती छान चालली. साबण, मग पाना, आणि रात्री झोप. मी तुम्हाला धन्यवादाचं पत्र लिहायलाही बसलो होतो. मग एका रात्री मनात आलं की आज पाना आपटला का? आवाज आठवेना. खाली दुकानात जाऊन आपटला. वर आलो तर वाटलं, आता आपटला तो कुठल्या शेगडीसाठी? पुन्हा खाली. तेव्हापासून दिवसाही तेच चालू आहे. एकदा आपटून भागत नाही, आवाज दादाच्या आवाजासारखा यावा लागतो, आणि तो येत नाही. शिंपीकाकांनी काल मधल्या भिंतीवर गज ठोकला आणि विचारलं की शेगड्या दुरुस्त करतोस की मोडतोस. मला हसू यायला हवं होतं. राग आला. पहिल्यांदाच ते माझ्याशी पूर्वीसारखं बोलले होते आणि मी दार ओढून घेतलं.

गिऱ्हाइकांचंही सांगतो. मी दुरुस्तीनंतर वास घ्यायला जातो हे आता गल्लीभर झालं आहे. मुलं मला वासवाले काका म्हणतात. खानावळवाल्या बाईंनी स्पष्ट विचारलं की तुमचा स्वतःच्या कामावरच भरवसा नसेल तर आम्ही कसा ठेवायचा. सगळ्यात वाईट म्हणजे वसतिगृहाच्या मॅनेजरने बोलावून घेतलं. मी रात्री फाटकाशी जाऊन पहारेकऱ्याला स्वयंपाकघर उघडायला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला की मुलांमध्ये घबराट पसरते. यापुढे न बोलावता आलात तर काम दुसऱ्याला देऊ. वसतिगृह गेलं तर दुकान राहत नाही हे तुम्ही जाणता. दादाने ते काम किती खेटे घालून मिळवलं होतं.

मला हे सगळं समजतं. वेडा नाही मी. नट घट्ट आहे हे हाताला माहीत आहे, फक्त डोकं ऐकत नाही. याचीच चीड येते.

हो, रात्रीच म्हणाले होते. पहाटे नव्हे. बाळाची झोप मोडू नका.

लोभ ठेवावा, निदान मी शहाणा होईपर्यंत.

आपला,
धाकटा


ता. २ मार्च

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

म्हणजे पाना पाठवून मी आगीत तेल ओतलं. बरं. मला काय कळतंय.

तुमचं पत्र मी इथे वाचून दाखवलं, त्याबद्दल माफ करा. जावईबापूंचं म्हणणं, शंभरापासून उलटे आकडे मोजावेत. ते स्वतः नव्वदच्या आत घोरायला लागतात, त्यांना काय जातंय. त्यांच्या आई म्हणाल्या गरम दूध घ्यावं. लेकीच्या मैत्रिणीने सांगितलं की वाईट विचार करूच नयेत. हे ऐकून माझंच डोकं फिरलं. ज्याला विचार थांबवता येत नाहीत त्याला विचार करू नकोस म्हणून सांगायचं, हे लंगड्याला पळ म्हणण्यासारखं आहे.

पण एक सांगते. आता डॉक्टरकडे जा. मी विनंती करत नाही, सांगते आहे. ह्यांना छातीत जड वाटायचं तेव्हा तेही म्हणायचे, बघू. तुमच्या घराण्यात बघू म्हणायची खोड आहे. दुकान बंद पडलं तर माझं काही अडणार नाही, मी लेकीकडे आहे. पण तुम्ही त्या दुकानाशिवाय काय करणार आहात? पहारेकऱ्याची नोकरी? ती तर तुम्ही फुकटच करता आहात.

माझ्या प्रकृतीचं विचारलं नाहीत तरी सांगते. ठीक आहे. झोप कमी झाली आहे, वयाने होतं तसं.

रात्री म्हणजे साधारण कधी, असं काही डॉक्टर बोलले होते का? मी मध्ये एकदा पाणी प्यायला उठले होते. तेव्हा ते कुशीवर होते. म्हणून विचारते.

उलट टपाली डॉक्टरांचं नाव कळवलंत तरच यापुढे लोभ.

तुमची,
वहिनी


ता. १४ मार्च

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

गेलो. सरकारी दवाखान्यात, मनाच्या विभागात. बाहेर बाकावर आपल्या गल्लीतलं कोणी दिसू नये म्हणून वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. शेजारी मास्तरीणबाई येऊन बसल्या. त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. आम्ही हवेबद्दल बोललो.

डॉक्टरीणबाई वयाने पुतणीएवढ्या असतील. मी दुरुस्तीचं सगळं समजावून सांगितलं, त्यांनी साबणाबद्दलही विचारलं. एक गोळी दिली आहे. ती हळूहळू काम करेल म्हणाल्या. बाकी जे सांगितलं ते ऐकून मी जवळजवळ उठून आलो होतो. साबण एकदाच लावायचा. पाना आपटायचा नाही. घरी आल्यावर शंका येईल, येऊ द्यायची. तिला हाकलायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. नट सैल असेल किंवा नसेल, एवढं म्हणून पडून राहायचं. पण उठायचं नाही. मी म्हटलं, आणि खरंच सैल असला तर? त्या म्हणाल्या, तुम्हाला खात्री हवी आहे, आणि ती कोणालाच मिळत नाही. तपासून आलात की शंकेला खाऊ मिळतो, म्हणून ती रोज येते.

याला उपचार म्हणतात हे मला पटलेलं नाही. गोळी घ्यायला मी तयार आहे. पण नट सैल असेल किंवा नसेल असं म्हणून शेगडीवाल्याने झोपायचं, हे दादाने ऐकलं असतं तर त्याने मला दुकानातून घालवून दिलं असतं.

आणखी एक. त्यांनी विचारलं की घरी कोणाला विचारता का. मी तुमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, वहिनींना कळवा की त्यांनी सगळं ठीक आहे असं यापुढे लिहू नये. तेही तपासण्यासारखंच आहे. तर आता मी विचारलं तरी उत्तर देऊ नका.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. डॉक्टरांनी वेळ सांगितली नव्हती. पण झोपेतच, आणि तुम्ही उठण्याच्या बऱ्याच आधी, हे नक्की म्हणाले होते. पाणी प्यायला उठलात त्याचा काही संबंध नाही.

आपली सावली डोक्यावर राहो. उत्तर नको, पत्र हवं.

आपला,
धाकटा


ता. २१ मार्च

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

म्हणजे माझा शब्द आता कुपथ्य झाला. छान.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेची चड्डी घालून फिरत होता. तेव्हापासून तुम्हाला ठीक आहे, ठीक आहे म्हणत मी वाढवलं, आणि कालची पोर सांगते की ते म्हणू नका. लेक म्हणाली की आई, डॉक्टरीण बरोबर बोलते. तिला म्हटलं तू गप्प बस.

दोन दिवस रागात होते, म्हणून लगेच लिहिलं नाही. आता ठरवलं आहे की मी तुमच्या कुठल्याही नटाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. मग म्हणू नका वहिनी कठोर झाली.

नक्की म्हणाले होते, असं तुम्ही लिहिलंत. डॉक्टरांनी नक्की हाच शब्द वापरला होता, की तुम्ही माझ्यासाठी घातला? राग मानू नका. मला त्यांचे शब्द जसेच्या तसे हवे आहेत.

रागावले तरी तुमचीच,
वहिनी


ता. ३० मार्च

ती. वहिनींस,
सा. न.

वसतिगृहाची मोठी शेगडी आज केली. मॅनेजरने स्वतः निरोप पाठवला होता. बर्नरचा कॉक बदलला, वॉशर नवीन टाकला, साबण एकदाच लावला, आणि निघालो. पहारेकऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की हा परत येणारच.

आता रात्र आहे. गोळी घेतली आहे. सगळं केलं आहे. नट सैल असेल किंवा नसेल असं म्हणून म्हणून जीभ सुकली. तिथे वरच्या मजल्यावर मुलं झोपली आहेत. वहिनी, ती एकट्या मास्तरीणबाईंची शेगडी नाही. मी साबण कॉकच्या मागच्या बाजूने लावला की नाही? मागच्या बाजूला नजर पोचत नाही, तिथे दादा आरसा धरायचा. मी आरसा धरला होता. धरला असणार.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते मला माहीत आहे. एकदाच विचारतो. पत्र तुम्हाला मिळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणजे याचा उपयोग शून्य आहे हेही कळतं. तरी लिहा. माझ्या हातून असं राहील का? एक ओळ लिहा. तुमच्याशिवाय कोणाला विचारू.

आपला,
धाकटा


ता. ५ एप्रिल

चि. भावोजींस,
आशीर्वाद.

नाही लिहिणार.

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ती ओळ मनात दहा वेळा लिहिली. मला ती लिहिणं किती सोपं होतं ते तुम्हाला कळणार नाही. नाही लिहिली. तुमच्यावर चिडले, त्या पोरीवर चिडले, ह्यांच्यावर सगळ्यात जास्त. स्वतः निवांत निजले आणि आपल्या दोघांना असं मागे ठेवून गेले.

वर्तमानपत्रात काही आलेलं नाही एवढं मला दिसतं, पण ते मी तुम्हाला सांगत नाही आहे.

आता माझं. मी तुम्हाला एक साधी गोष्ट विचारली होती, डॉक्टरांचे शब्द काय होते. त्याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. तुमच्या नटापुढे तुम्हाला माझं दिसलं नाही. पत्र आल्यापासून माझा डोळा लागलेला नाही. पाळण्याशी जाऊन उभी राहते, मग वाटतं तेव्हाही अशीच त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले असते तर. चहा ठेवायच्या आधी हात लावून बघितला असता तर. तुम्ही उत्तर देता तेव्हा मला निदान दोन दिवस झोप लागते. तेवढं तरी करा.

तुमची,
वहिनी


ता. १३ एप्रिल

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी वसतिगृहाचं. त्या रात्री पत्र लिहून झाल्यावर मी बूट घातले होते. खाली दुकानात आलो, कुलूप हातात घेतलं, आणि दादाच्या स्टुलावर बसलो. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. गेलो नाही. चांगलं वाटलं म्हणून नव्हे. इतका दमलो होतो आणि इतका वैतागलो होतो की म्हटलं, फुटायचं तर फुटू दे, मी उठणार नाही. उजाडल्यावर शिंपीकाका दुकान उघडायला आले. त्यांनी मला बूट घालून बसलेला पाहिला. कुठून आलास असं विचारलं. कुठेच गेलो नव्हतो असं सांगितलं. ते म्हणाले, मग बूट काढ की, आणि आत जाऊन मशीन चालवायला लागले.

नंतर मॅनेजरचा निरोप आला. त्याला दुसऱ्या शेगडीचं काम द्यायचं होतं. पहिलीबद्दल मी विचारलं नाही. जीभ चावून बसलो. त्यानेही सांगितलं नाही. म्हणजे ती ठीक असेल किंवा नसेल. रात्री अजून जाग येते. फक्त खाली उतरत नाही. आठवड्यात एक-दोन रात्री सरळ झोपही लागते, बाकी रात्री चीड येते.

आता तुमचं. तुमचं पत्र वाचून मी जुनी सगळी काढली आणि ओळीने वाचली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तुमचा तोच प्रश्न आहे. आधी रात्री की पहाटे, मग किती वाजता, मग कुठले शब्द. शेवटचा सोडला तर मी दर वेळी उत्तर दिलं. खरंच दिलं. तरी पुढच्या पत्रात तो आहेच, थोडा वेगळे कपडे घालून. वहिनी, हे मी ओळखतो. हा माझा नट आहे.

म्हणून या वेळी उत्तर देणार नाही. डॉक्टरांचे शब्द मला पाठ आहेत. लिहायला हात शिवशिवतो आहे, कारण ते लिहिले की तुम्ही दोन दिवस झोपाल. पण मग तिसऱ्या दिवशी तुम्ही विचाराल की डॉक्टर ते कुठल्या स्वरात म्हणाले. मला पाना पाठवून तुम्ही जे केलंत तेच मी इतके दिवस तुमच्या बाबतीत करत होतो, हे मला आता दिसतं. तुमच्या गावातही सरकारी दवाखाना असेल. बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसा, ओळखीचं कोणीतरी भेटेलच.

तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. मी पण चिडलो होतो.

पाना परत पाठवू का? तुम्ही तो दादाच्या हातातला म्हणून नेला होता आणि माझ्यापायी गमावलात.

या पत्राने लोभ कमी होईल हे धरून चाललो आहे. परत येईल याचीही वाट पाहतो.

आपला,
धाकटा


ता. २५ एप्रिल

चि. भावोजींस,
अ. उ. आ.

चिडले. तुमचं पत्र फाडायला घेतलं होतं, लेकीने हातातून काढून घेतलं. तिने वाचलं आणि माझ्यासाठी दवाखान्याची वेळ घेऊन आली. तुम्ही दोघं आतून मिळालेली आहात असा मला संशय आहे. परवा जायचं आहे. त्या डॉक्टर बाई आहेत की बुवा ते माहीत नाही. कोणीही असलं तरी मी सोपी जाणार नाही.

पाळणा लेकीने तिच्या खोलीत नेला आहे आणि दाराला आतून कडी लावते. पहिल्या रात्री मी दाराबाहेर उभी राहिले. काल राहिले नाही, अंथरुणात बसून राहिले. फार मोठं काही केलं असं वाटलं नाही. पाय गार पडले आणि रडू आलं, एवढंच.

पाना परत पाठवू नका. तो पाना आहे, त्याने नट आवळा. आपटायला तो कधीच नव्हता, ते ह्यांचे चाळे होते.

आणि त्या स्टुलावर बसत जा. शिंपीकाकांनाही बसू द्या. किती दिवस खुर्ची उचलत राहणार आहात?

या कागदाची खालची पट्टी कापलेली दिसेल. तिथे काय विचारलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. लिहून झाल्यावर कात्री घेतली. ती पट्टी अजून माझ्या उशीखाली आहे, पण तुमच्याकडे पाठवली नाही.

असाच लोभ धरा, आणि उत्तर देऊ नका.

तुमची,
वहिनी